दारफळणीच्या दिवशीची मोजणी

कोतवाल नोटीस घेऊन आला तेव्हा हसकेल खाचरात उभा राहून हळव्या भाताची लोंबी दाताखाली धरून पाहत होता. दाणा दुधातून बाहेर आला होता, पण अजून कटकन फुटत नव्हता. आणखी आठदहा दिवसांनी विळा लावता आला असता. कोतवालाने बांधावरूनच कागद पुढे केला.

"सही कर. बापाच्या नावाचा हाय."

अर्जदार काळूराम कोंडू. लगतधारक रहमाजी धसईकर. मोजणीचा दिनांक ९ ऑक्टोबर २०००, वार सोमवार. लगतधारकाने जागेवर हजर राहून आपल्या वहिवाटीच्या खुणा दाखवाव्यात. गैरहजर राहिल्यास त्याची काही हरकत नाही असे समजण्यात येईल. रहमाजीला जाऊन दीड वर्ष झालं होतं. मेलेल्या माणसाला हजर राहण्याचं फर्मान काढणं एरवी देवालाच शोभतं. पण सरकारी छापील नमुन्यात ती सोय आधीपासून असते.

हसकेलने चिखलाचा हात लेंग्याला पुसला आणि सही केली. तारीख त्याने दोनदा वाचली. मग बोटांवर मोजली. नव्याचा सण, म्हणजे त्यांचा वर्षारंभ, तीस सप्टेंबरला, शनिवारी. तिथून दहावा दिवस म्हणजे सोमवारच.

उंबरपे गावात धसईकरांचं घर हे यहुद्यांचं एकच घर. गाव त्यांना तेली म्हणत आलं. घाणा शनिवारी बंद ठेवत म्हणून शनवार तेली. घाणा थांबून चाळीस वर्षं झाली, त्याची लाकडी लाट गोठ्यात आडवी पडून होती. पण जात आणि घाणा यांत आधी मोडतो तो घाणा. भाऊबंद ठाण्याला गेले, तिथून समुद्रापलीकडे. हसकेलची थोरली बहीण इस्राएलात, दिमोना गावी होती. हसकेल ठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होता. बाप गेला त्याच साली कारखान्याला टाळं लागलं आणि तो परत आला. घरात आता तो आणि त्याची आई शेगुलाबाई, एवढीच माणसं होती.

जमीन म्हणजे ओढ्याकाठची सहा खाचरं, आणि त्यांच्या नि रस्त्याच्या मध्ये दहा गुंठ्यांचा एक पट्टा. तो पट्टा आजवर कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता. रस्त्यावर डांबर पडलं, मुंबईहून गाड्या येऊ लागल्या आणि शेतघरांसाठी जागा बघणाऱ्या एका पार्टीने काळूरामच्या जमिनीला पसंती दिली. फक्त तिला रस्त्याला तोंड हवं होतं. जुलैच्या पावसात हेदूच्या झाडाखालचा हद्दीचा दगड लवंडला. काळूरामने तो शेजारधर्म म्हणून आपणहून उभा केला. उभा केला तो अकरा पावलं अलीकडे. पट्टा गेला तर धसईकरांची खाचरं जागच्या जागी राहणार होती. तिथे जायला वाट मात्र राहणार नव्हती.

*

तालुक्याच्या कचेरीत कारकुनाने अर्ज उलटसुलट पाहिला.

"कसला सण म्हणालात?"

"दारफळणी. आमचा मोठा उपास. त्या दिवशी आमी दाराबाहेर पडत नाय. कामाचं बोलत नाय. कागदाला हात लावत नाय."

"कोणाचा? ख्रिश्चनांचा?"

"यहुद्यांचा."

कारकुनाने टेबलाच्या काचेखालची सुट्ट्यांची यादी बोटाने वरून खालपर्यंत तपासली. त्यात त्याचा कंटाळा नव्हता, उलट एक प्रकारची न्यायबुद्धी होती. "शनिवारी दसरा आहे. नंतर एकदम दिवाळी. मधे काही नाही."

"यादीत नाय, पण सण तर हाय ना, साहेब."

"असेल. पण तातडीची मोजणी आहे, अर्जदाराने जादा फी भरली आहे. अर्जदार लांबवायला तयार असेल तर लेखी आणा. नाहीतर कोणाला तरी अधिकारपत्र द्या. मोजणीला माणूस लागतो, धर्म लागत नाही."

हसकेल मुरबाडहून एसटीने परतला आणि घरी न जाता थेट काळूरामच्या ओट्यावर जाऊन बसला. काळूराम पन्नाशीचा, अंगाने भरलेला. म्हशाच्या गुरांच्या जत्रेत बैलाचे दात बघायला लोक त्याला हाताला धरून नेत. त्याचा बाप कोंडू दारफळणीच्या दिवशी सकाळपासून रहमाजीच्या ओट्यावर येऊन बसे. गुरांना पाणी दाखवी, कुणी हाक मारायला आलं तर हाताने परतवी. त्याबद्दल त्याला दुसऱ्या दिवशी, शिळ्या सणाला, पहिलं ताट मिळे. कोंडू गेल्यावर ताट काळूरामकडे वारसाहक्काने आलं. बसणं आलं नाही.

"तुमचा दिस मी इसरन?" काळूराम म्हणाला. "माज्या बानं जनम काढला तुमच्या दाराशी."

"मग तारीख बदल. आठ दिवस पुढं घे."

"माज्या हातात असती तं घेतली नसती? पार्टी दिवाळीआधी कागद मागते. तिकडं सायेबाला टाइम नाय." त्याने आतल्या बाजूला तोंड करून चहा सांगितला. "आनि तुला काय रं काळजी? दगड हाय, मोजनीदार हाय. सरकार का तुजं न माजं बघतं?"

"दगड कुठं होता ते तुला ठाऊक हाय."

"दगडाला पाय नसतात, हसकेल." काळूराम हसला. "एक सांगू? राग नको धरू. तुमी आज ना उद्या बहिनीकडं जानार. तुमचा देश तिकडं. शे-दोनशे वरसं बसलात तरी ते बसनं पाव्हन्याचं. मंग या दहा गुंठ्यांसाठी वाकडं कशाला घेतो?"

चहा आला. हसकेलने तो प्यायला. न पिणं हा अपमान ठरला असता, आणि अपमान करण्याची ऐपत त्या ओट्यावर एकाचीच होती.

*

शनिवारी दसरा झाला. सीमोल्लंघनाचा शास्त्रोक्त मुहूर्त तो. लोकांनी वेशीबाहेर जाऊन आपट्याची पानं लुटली. धसईकरांचा तो शब्बाथ, विसाव्याचा वार. रविवारी सकाळी चांगो ठाकूरवाडीवरून खाली आला.

चांगो या घरी कामाला लागला तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं. आता डोक्याचे केस पिकले होते. ही खाचरं त्याच्या टाचांनी पाठ केलेली होती. कुठल्या बांधात खेकड्याचं बीळ आहे, कुठे पाणी झिरपतं, हे तो अंधारात सांगू शकला असता. रहमाजीची आणि त्याची एक रीत होती. रहमाजी रोज पहाटे दार लोटून प्रार्थनेला उभा राही आणि प्रार्थनेत बोलत नसे. चांगो ओट्यावरून विचारी, "पानी सोडू का? खालचं खाचर लावाया घेऊ का?" नको असलं की रहमाजी आतून दारावर बोटाने दोनदा टकटक करी. टकटक नाही झाली की चांगो समजे, हो. आणि कामाला लागे. तीस वर्षं हे चाललं. हसकेल तेव्हा ठाण्याला होता, त्याला यातलं काही माहीत नव्हतं. शेगुलाबाईला माहीत होतं; चुलीपाशी बसून तिने ती टकटक हजारदा ऐकली होती.

"हा कागद घे," हसकेल म्हणाला. "उद्या मोजणीदार आला की त्याला दे. माझ्या वतीनं तू उभा रायचं."

"मी?" चांगोने कागद दोन्ही हातांत धरला, लहान मूल धरावं तसा. "मला कोन इचारनार, भाऊ?"

"तुलाच इचारतील. दगडाची जुनी जागा दाखव. हेदूच्या मुळाखालचा खड्डा अजून हाय ना?"

"हाय. मी त्यात काठी रोवून ठेवली."

"बस. ती दाखव. आणि ध्यान देऊन आईक. ते कागद पुढं करतील. मला इचारल्याबिगर कशावर अंगठा देऊ नको."

"बरं," चांगो म्हणाला.

त्या दिवशी विचारायचं कसं आणि उत्तर द्यायचं कसं, हे हसकेलने सांगितलं नाही. त्याला ते सुचलं नाही. ज्या माणसाला स्वतःच्या सावधपणाचा अभिमान असतो, त्याच्या सावधपणाला असंच एखादं भोक असतं, आणि सगळं पाणी तिथूनच जातं.

*

दुपारनंतर शेगुलाबाईने मोठ्या हंड्यात पाणी तापवलं. आधी कढत, मग थंड, अशी दोन्ही पाण्यांनी आंघोळ. पांढरं पातळ, पांढरा सदरा. कातड्याच्या वहाणा पेटीमागे. पूर्वजांच्या नावाने तिने ताट वाढलं, कारण त्या सांजेला घरातले मेलेले घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात अशी त्यांची समजूत. मग ऊन कलायच्या आत मायलेक जेवले. वरणभात, कोंबडीचं कालवण, शेवटी तांब्याभर पाणी. दिवा लावला. हसकेलने गोठ्यात वैरण टाकली, दोन बादल्या पाणी भरून ठेवलं आणि आत येऊन दाराची कडी लावली. कडीवरून शेगुलाबाईने लाकडी अडसर घातला.

नव्याच्या सणाला माणसाचं नाव वरच्या पुस्तकात लिहिलं जातं आणि दहाव्या दिवशी त्यावर मोहोर बसते: कोण जगेल, कोण जाईल, कोण पाण्याने, कोण आगीने. मधले दिवस विनवणीचे. ठाण्याला या दिवशी लोक पांढरे कपडे घालून रस्त्याने चालत प्रार्थनामंदिरात जातात, एकमेकांना भेटतात, बोलतात. धर्माची बंदी कामाला आहे, खाण्यापिण्याला आहे, लिहिण्याला आहे. दार उघडण्याला नाही. उंबरप्याला मंदिर नव्हतं. जायला जागा नाही म्हणून कधीकाळी कोणी घरातच थांबला असेल. त्याच्या नातवाने ते थांबणं हाच नियम मानला. गैरसोयीला तीन पिढ्या मिळाल्या की तिची श्रद्धा होते, आणि श्रद्धेला पुरावा मिळाला की मग तिच्याशी वाद घालता येत नाही.

शेगुलाबाईकडे पुरावा होता. दोन वर्षांपूर्वी दारफळणीच्या दुपारी गोठ्यात गाय अडली. तिचं हंबरणं ऐकून रहमाजीने अडसर काढला, दार उघडलं आणि कोपरापर्यंत हात घालून वासरू ओढून काढलं. वासरू जगलं. रहमाजी पुढच्या होळीआधी गेला. डॉक्टर काही म्हणोत. मोहोर कधी बसली ते शेगुलाबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. आता तिच्याकडे एकच माणूस उरला होता.

*

सोमवारी नऊच्या सुमारास रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. पट्टा घराच्या मागच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर, त्यामुळे आत सगळं ऐकू येत होतं. तिपाई रोवल्याचा आवाज, मोजणीदाराचं खाकरणं, मग साखळीचा खळखळाट. ऑक्टोबरचं ऊन कौलांवर बसलं होतं. हसकेलची जीभ टाळ्याला चिकटू लागली होती. तो पश्चिमेकडे, यरुशलेमच्या दिशेला तोंड करून उभा होता, हातात आजोबांच्या वेळचं पुस्तक. डाव्या पानावर हिब्रू शब्द देवनागरी अक्षरांत, उजव्या पानावर मराठी अर्थ. दहा पुरुष जमल्याशिवाय ही प्रार्थना पुरती होत नाही. उंबरप्यात तो एकच पुरुष होता. तरीही पुस्तकात सगळीकडे 'आम्ही' होतं.

"आम्ही अपराध केला," हसकेल वाचत होता आणि प्रत्येक शब्दाला मुठीने छातीवर ठोका देत होता. "आम्ही विश्वासघात केला. आम्ही लुबाडलं."

बाहेर साखळी ताणली गेली. "अजून अलीकडे घ्या," काळूरामचा आवाज आला. "दगड हितं हाय, सायेब."

"आम्ही खोटं बोललो. आम्ही जुलूम केला."

कोणीतरी जोरात हसलं. त्यावर काळूरामने त्याला दरडावलं, "हळू रं. घरात त्यांचा मोठा दिस चाललाय. दुसऱ्याच्या धर्माचा मान ठेवाया शिका जरा."

मान पुरेपूर ठेवला गेला. कोणीही दाराकडे फिरकलं नाही. मोजणीदारानेही, घरमालक आत आहे हे कळल्यावर, "असू द्या, त्यांना त्रास नको" असं म्हटलं. तो भला माणूस होता. त्याच्यासमोर एक अधिकारपत्र होतं, उभा असलेला एक दगड होता आणि मुळाखाली रोवलेली एक काठी होती.

"दगड तितं नव्हता, सायेब," चांगो सांगत होता. "हितं व्हता. हा खड्डा बगा."

"खड्डा घुशीचाही असतो. तुझं नाव सातबाऱ्यावर आहे?"

"नाय."

"हरकत असेल तर लेखी दे."

"मला लिवता येत नाय."

"मग मी काय करू? हे बघ, जबाब तयार आहे. मान्य असेल तर अंगठा दे. नसेल तर मालकाला विचारून ये, मी थांबतो."

चांगोची पावलं अंगणात वाजली. ओट्याच्या पायरीशी ती थांबली. तो दारफळणीला ओट्यावर चढत नसे.

"हसकेलभाऊ," त्याने हाक मारली. "ते नव्या दगडावर हद्द धरतात. माजं आयकत नाय. जबाबावर अंगठा मागतात. देऊ का?"

हसकेलने पुस्तक खाली ठेवलं. तो दाराकडे वळला, तेव्हा शेगुलाबाई दाराला पाठ लावून उभी होती. कोरड्या ओठांच्या कडांना पांढरी रेघ आली होती. दोन्ही हात मागे नेऊन तिने अडसर धरला होता. हसकेलने तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती सरकली नाही. बासष्ट वर्षांची, उपाशी, पोत्यासारखी हलकी बाई. एका हाताने बाजूला करता आली असती. त्याने केलं नाही. आतून 'नको' असं ओरडलाही नाही, कारण तेही कामाचं बोलणं झालं असतं. पुढे तो कित्येकदा स्वतःला सांगणार होता की आईने अडवलं.

"भाऊ," चांगोने पुन्हा विचारलं, "देऊ का अंगठा?"

मग थोड्या वेळाने, आवाज बदलून, "बाय, तुमी तरी."

तो थांबला. त्याने दाराकडे कान लावला आहे हे शेगुलाबाईला दिसत नव्हतं, तरी कळत होतं. ती थांबण्याची लांबी तिला तीस वर्षं ओळखीची होती. तिच्या पाठीमागेच फळी होती. बोटाचं पेर दोनदा लागलं असतं की पुरे. एक शब्द बोलावा लागला नसता, अडसर काढावा लागला नसता. तिने बोट उचललं, आणि तिला होळीआधीची रहमाजीची ती खाट दिसली, पण तिच्यावर हसकेल. रहमाजी टकटक करायचा तो साध्या दिवशी, तिने स्वतःला सांगितलं. या दिवशी नाही. तिने बोट मुठीत दाबून घेतलं.

चांगोने अंगणातून एकदा घसा साफ केला. मग त्याची पावलं लांब गेली.

साखळी गोळा झाली. जीप सुरू झाली. हसकेलने पुस्तक पुन्हा उघडलं. दुपारच्या प्रार्थना अजून व्हायच्या होत्या, आणि सांजेला ती शेवटची, आकाशाचं दार बंद होताना दार उघड म्हणून मागायची.

*

शिळ्या सणाच्या सकाळी हेदूपासून अलीकडे चुना फासलेले चार नवे दगड उभे होते. हसकेल ते पाहून आला आणि ओट्यावर बसला. आत शेगुलाबाई पुऱ्या तळत होती. नारळाच्या दुधातली खीर झाली होती. हा दिवस वाटण्याचा. रात्रीतून माणूस धुऊन निघालेला असतो, म्हणून सकाळी शेजाऱ्यापाजाऱ्यांना, दारी येईल त्याला ताट द्यायचं.

पहिला काळूराम आला, धुतलेला सदरा घालून. ओट्यावर मांडी घालून बसला.

"चांगोनं अंगठा दिला म्हने," तो म्हणाला. "तुमच्याच कागदावर आलता ना तो? मला तं वाटलं, तुमी काई बोलाल."

"तुला ठाऊक होतं आमी बोलणार नाय."

"मला काय ठाऊक? मी कुनाच्या घरात डोकावत नाय." त्याने ताट पुढे ओढलं. "निमताना मागा की. परत मोजतील. मागाया कोन नाय बोललं? पन जबाब एकदा झाला म्हंजे टाइम जातो. तवर पार्टीचं कुंपन पडंल. या सालचं भात तुमचं तुमी कापा, मी कुनाचा घास काढनारा नाय. भारे न्यायला वाट देतो. फकस्त न्यायच्या आधी सांगा एकदा, पार्टीला बरं असतं."

शेगुलाबाईने त्याच्या ताटात खीर वाढली. न वाढून चाललं नसतं. ओढ्याकाठचं भात घरी यायचं होतं.

तेवढ्यात चांगो अंगणात आला. दर शिळ्या सणाला येई तसाच, नव्या धोतरात, हातात त्याच्या बायकोने, लहानीने लावलेली पानांची पत्रावळ. डाव्या अंगठ्यावर जांभळी शाई होती. धुतली होती, तरी नखाच्या कडेला राहिली होती. तो नेहमीप्रमाणे पायरीखाली बसला.

"कशाला आलास?" हसकेल म्हणाला.

चांगोला प्रश्न कळला नाही. "सन ना आज."

"अंगठा का दिलास?"

"इचारल्याबिगर नाय दिला, भाऊ. तीन डाव इचारलं."

"मी हो म्हणालो?"

"नाय पन नाय म्हनलं कोनी." चांगोने शेगुलाबाईकडे पाहिलं. "बुढ्याची रीत व्हती. नको असलं तं टकटक. मी थांबलो, कान लावला. टकटक नाय झाली. बाय, तुमीच सांगा यांना. तुमाला ठाव हाय ती रीत."

शेगुलाबाईच्या हातात पळी होती. तेल कढत होतं म्हणून ती आत वळली, आणि वळल्यावर तिला तिथे करण्यासारखं पुष्कळ काम सापडलं.

"कसली टकटक? कसली रीत?" हसकेल उठून उभा राहिला. कालपासून त्याच्या अंगात साठलेलं सगळं एका सोप्या जागी उतरत होतं. काळूरामच्या अंगावर धावून जाणं ही एक गोष्ट होती, पायरीखाली बसलेल्यावर ओरडणं ही दुसरी. "मेलेल्या माणसाचं नाव सांगतो मला. काय मिळालं तुला तिकडून? ऊठ. उद्यापासून पाय ठेवू नको हितं. पत्रावळ उचल ती."

चांगो उठला. पत्रावळ रिकामीच होती. तिच्यावर वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेला खडा त्याने काढला, बाजूला ठेवला आणि पत्रावळ उचलली.

"गरीब मानूस हाय, हसकेल," काळूराम घास गिळून म्हणाला. "अडानी. जाऊ दे. माफ करून टाक. आज तुमचा माफीचाच दिस ना?"

*

दुपार टळल्यावर शेगुलाबाईने डब्यात खीर भरली, फडक्यात पुऱ्या बांधल्या आणि ठाकूरवाडीची चढण चढायला लागली. हसकेल एकटाच विळा घेऊन खाचरात उतरला होता. त्याला तिने सांगितलं नाही. एका दिवसाच्या उपासाने तिच्या पोटऱ्यांत गोळे येत होते. दर वळणावर ती थांबे आणि बोलायचं वाक्य मनात जुळवी. मला ऐकू आलं होतं. टकटक मी केली नाही. तुझी चूक नाही. एवढंच. देवाचा अपराध देव माफ करतो, पण माणसाचा अपराध त्या माणसाने माफ केल्याशिवाय देवालाही करता येत नाही. पुस्तकाच्या उजव्या पानावर हे साध्या मराठीत छापलेलं होतं आणि रहमाजी दर वर्षी ते मोठ्याने वाची.

चांगोच्या झोपडीपुढे लहानी सुपात नाचणी पाखडत होती. शेगुलाबाईला पाहताच तिने सूप खाली ठेवलं आणि घाईने डोक्यावर पदर घेतला. चांगो आतून आला. पांढऱ्या पातळातल्या, धापा टाकणाऱ्या मालकिणीकडे त्याने पाहिलं, आणि तिने तोंड उघडायच्या आत तो तिच्या पायांशी बसला.

"बाय, माजं चुकलं," तो म्हणाला. "रातभर हाच इचार. तुमचा येवढा धरमाचा दिस, तुमी कशा टकटक करनार? मला समजाया पायजे व्हतं. कागद फेकून पळालो असतो तं झालं असतं. मी अडानी. भाऊंचा राग खरा हाय. बुढा असता तं त्यानं मला जोड्यानं मारलं असतं."

त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. लहानीही मागे येऊन उभी राहिली, हात जोडून. चढणीवर जुळवलेलं वाक्य शेगुलाबाईच्या तोंडात होतं. त्याचे शब्द मोजके होते आणि क्रमाने लावलेले होते. खाली ओढ्याकाठी हसकेल वाकून भात कापत होता, इथून बोटाएवढा दिसत होता. हे याला सांगितलं तर उद्या वाडीला कळेल, परवा गावाला, आणि मग हसकेलला.

"बाय, काई बोला," चांगो म्हणाला.

तिने डबा लहानीच्या हातात दिला. मग वाकून चांगोच्या डोक्यावर हात ठेवला.

"ऊठ," ती म्हणाली. "मी माफ केलं तुला."

लहानीने सुटकेचा श्वास टाकला. "मी बोलले व्हते ना," ती नवऱ्याला म्हणाली, "बाय मनात धरनारी नाय." आणि ती बाईंना बसायला घोंगडी आणायला आत धावली.